रोग हल्याला, औषध पखालीला
संगणकातला सीडी रायटर अचानक बंद पडतो तेव्हा

विहिरीवरची मोटर चालू होत नसेल तर आपण काय करतो? लगेच मोटर वर काढून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी लाईट आहे का बघतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला आहे का, स्टार्टर अडकला आहे का, हे बघतो. एवढे सगळे बघून झाल्यावर, अगदी शेवटी, चार माणसे बोलावून मोटर वर काढतो. हे शहाणपण आपल्याला कुणी शाळेत शिकवलेले नाही. नुकसान सोसून ते आपण शिकलो.

पण घरातल्या संगणकाची वेळ आली की हेच शहाणपण आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो. एखादा भाग चालेना म्हटल्यावर तो बिघडला असे धरून चालतो आणि नवा आणायला निघतो. आमच्या घरी २०१६ साली असेच झाले. त्यात पैसे गेले ते गेलेच, पण पैशाने परत न मिळणारी एक गोष्टही जाता जाता वाचली. म्हणून ती हकीकत सांगतो.

आजीची एकच सीडी

आमची आजी २०१५ च्या जूनमध्ये गेली. तिचा आवाज गावात नावाजलेला होता. कुणाच्याही घरी लग्न निघाले की हळद दळायला जात्यावर बसण्याचा पहिला मान तिचा. धाकट्या आत्याच्या लग्नात, १९८९ साली, थोरल्या भावाने टेपरेकॉर्डर जात्याजवळ ठेवला आणि तिच्या ओव्या टेप करून घेतल्या. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, मधेच कुणाचे तरी हसणे, आणि त्यातून वर येणारा आजीचा आवाज, असे ते सगळे होते.

कॅसेटचे आयुष्य किती असणार! २००८ साली तालुक्याच्या एका स्टुडिओत जाऊन आम्ही तिची सीडी करून आणली. पुढे कॅसेटच्या फितीला बुरशी लागली आणि ती टाकून द्यावी लागली. राहिली ती एकच सीडी.

वर्षश्राद्धाला तिन्ही आत्या येणार होत्या. प्रत्येकीच्या हातात आईच्या आवाजाची एकेक सीडी द्यायची असे घरात ठरले. संगणकात सीडी रायटर होता, कोऱ्या सीडी आणलेल्या होत्या. तासाभराचे काम, म्हणून आम्ही ते शेवटच्या आठवड्यावर टाकले.

त्याआधीच मे महिन्यात संगणकावर एक सूचना रोज येऊ लागली होती. विंडोजची नवी दहावी आवृत्ती फुकट मिळते आहे, घ्या. ती २९ जुलै २०१५ रोजी आली होती, आणि जुन्या विंडोजवाल्यांना वर्षभर, म्हणजे २९ जुलै २०१६ पर्यंत ती मोफत घेता येणार होती. फुकट ते पौष्टिक, असे म्हणून आम्ही ‘हो’ म्हटले. रात्रभर संगणक चालला आणि सकाळी नवी विंडोज उघडली. सगळे छान दिसत होते. जूनमध्ये सीडी आत घातली, तेव्हा कळले की संगणकाच्या यादीत रायटरचे नावच नाही!

नवा रायटरही मुका

रायटरचा ट्रे बटण दाबल्यावर बाहेर येत होता, आत जात होता. त्याचा दिवाही लुकलुकत होता. पण संगणकाच्या लेखी तो घरात नव्हता. मी मशीन उचलून तालुक्याला नेले. दुकानदाराला गर्दी होती. त्याने दोन मिनिटे बघितले आणि म्हणाला, “काका, जुना झालाय, गेला. नवा टाकून देतो.” मी हजाराची नोट मोडली. त्याने नवा रायटर जोडून दिला. तो चालवून बघायला तेवढ्यात लाईट गेली. पेरणीची घाई होती, म्हणून मीही थांबलो नाही.

घरी येऊन सीडी घातली. नवा रायटरही मुका! त्याचेही नाव यादीत नाही.

त्या रात्री बहिणीचा मुलगा घरी आला होता. कॉलेजात शिकत होता. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मामा, जुनी मोटर चालेना म्हणून नवी आणली, तीही चालेना. मग दोष कुठे शोधाल?”

“डीपीवर,” मी म्हणालो.

“मग इथेही डीपीवर जाऊ. जुना रायटर कधीपर्यंत चालत होता?”

मी आठवून सांगितले. एप्रिलमध्ये चालत होता. मधे बदलले काय? एकच गोष्ट. विंडोज. पखाल वाहणाऱ्या हल्याला रोग व्हावा आणि औषध पखालीला पाजावे, तसे आम्ही केले होते.

बिघाड नेमका कुठे असतो

संगणकात विंडोज म्हणजे सगळ्या कामाचा कारभारी. रायटर, कळफलक, प्रिंटर ही सगळी त्याची गडीमाणसे. प्रत्येक गड्याशी बोलायला कारभाऱ्याकडे एक दुभाष्या असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. सीडी रायटरचा दुभाष्या विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, तो बाहेरून आणावा लागत नाही.

मग अडते कुठे? सीडी राइट करण्यासाठी आपण जे वेगळे प्रोग्रॅम टाकतो, त्यांतले काही जुने प्रोग्रॅम या दुभाष्याच्या वर आणि खाली आपापला माणूस बसवून ठेवतात. त्यांची नावे विंडोजच्या एका वहीत लिहिली जातात. वहीचे नाव ‘रजिस्ट्री’. त्यातल्या एका नोंदीला ‘अपर-फिल्टर्स’ आणि दुसरीला ‘लोअर-फिल्टर्स’ म्हणतात.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे चटकन कळेल. मुख्य दार ठीक आहे, पाणी आहे. पण वर एक आणि खाली एक पाटकरी नेमलेला आहे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही असा हुकूम आहे. त्यातला एक गाव सोडून गेला, पण वहीत त्याचे नाव तसेच राहिले. आता दार काही उघडत नाही. लोक म्हणतात, दार गंजले!

विंडोजची नवी आवृत्ती चढते तेव्हा असेच होऊ शकते. जुन्या प्रोग्रॅमचा माणूस नव्या विंडोजला चालत नाही किंवा त्याची फाईल निघून जाते, पण वहीतले नाव मागे राहते. विंडोज ते नाव वाचते, त्या माणसाला हाक मारते, तो सापडत नाही, आणि मग ती रायटरलाच सुरू करत नाही. आमच्याकडे जुन्या रायटरबरोबर मिळालेला असाच एक प्रोग्रॅम कित्येक वर्षे पडून होता. तो संगणकात आहे हेही आम्ही विसरलो होतो.

कोणत्या क्रमाने बघावे

भाच्याने ज्या क्रमाने तपासले तोच क्रम खाली देतो. सोप्यापासून अवघडाकडे जायचे आणि प्रत्येक पायरीनंतर रायटर दिसतो का ते बघायचे.

पहिली पायरी. संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. नुसता ‘शट डाऊन’ करून भागत नाही. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या लवकर सुरू व्हाव्यात म्हणून शट डाऊन करताना आपली थोडी अवस्था जपून ठेवतात. ‘रीस्टार्ट’ने मात्र सगळे नव्याने सुरू होते.

दुसरी पायरी. संगणक बंद करून, प्लग काढून, डबा उघडावा. रायटरला दोन वायरी असतात, एक विजेची आणि एक माहितीची. दोन्ही घट्ट बसल्या आहेत का ते बघावे. उंदीर आणि धूळ या दोघांची कृपा आपल्याकडे असतेच.

तिसरी पायरी. संगणक सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, एफ-२ किंवा डिलीट कळ दाबली की बऱ्याच संगणकांत एक पडदा उघडतो. त्याला ‘बायोस’ म्हणतात. तिथे रायटरचे नाव दिसते का एवढेच बघावे, काही बदलू नये. तिथे नाव दिसले तर यंत्र जिवंत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे असे समजावे. तिथेही दिसले नाही, तर वायर किंवा रायटर यांवर संशय घ्यावा. फेज बघण्यासारखीच ही परीक्षा आहे. दुकानात आम्ही एवढे जरी बघितले असते तरी पैसे वाचले असते.

चौथी पायरी. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. तिथे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज’ अशी ओळ असते. रायटरच्या नावाशी पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक करावे. आत एक कोड लिहिलेला असतो. १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी कोड असला तर मागे राहिलेल्या पाटकऱ्याचा संशय पक्का धरावा. आमच्याकडे ३९ होता. आधी त्या नावावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करावे आणि रीस्टार्ट करावे. विंडोज रायटर पुन्हा ओळखून घेते. कित्येकदा काम इथेच होते.

आमचे इथे झाले नाही. म्हणून वही उघडावी लागली.

वहीला हात लावण्यापूर्वी

पुढची पायरी जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करावी. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा सातबारा. त्यात चुकीची ओळ खोडली तर संगणक सुरूच होणार नाही, असेही घडू शकते.

विंडोजची कळ आणि आर एकदम दाबून ‘रेजएडिट’ असे इंग्रजीत लिहिले की वही उघडते. तिच्यात ‘एचकी लोकल मशीन’, मग ‘सिस्टीम’, मग ‘करंट-कंट्रोल-सेट’, मग ‘कंट्रोल’, मग ‘क्लास’ असे एकेक दार उघडत जायचे. तिथे महिरपी कंसातल्या लांबच लांब नंबरांची रांग दिसते. आपल्याला हवा तो ४डी३६ई९६५ या अक्षरांनी सुरू होतो. तो निवडल्यावर उजवीकडे ‘डीव्हीडी/सीडी-रॉम’ असा उल्लेख आहे याची खात्री करावी.

ही खात्री का करायची, तेही सांगतो. रांगेत जवळच ४डी३६ई९६बी असा नंबर आहे. तो कळफलकाचा. तिथेही ‘अपर-फिल्टर्स’ याच नावाची नोंद असते आणि ती तिथे हवीच असते. चुकून ती पुसली तर कळफलक मुका होतो. फरक एका अक्षराचा आहे, आणि शेजाऱ्याच्या बांधावर नांगर घालायला एक तास पुरतो!

बरोबर जागा सापडली की आधी ‘फाईल’ मध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट’ करावे आणि त्या पानाची प्रत जपून ठेवावी. मग उजवीकडच्या ‘अपर-फिल्टर्स’ आणि ‘लोअर-फिल्टर्स’ या दोन नोंदी, किंवा त्यांतली जी असेल ती, पुसावी. बाकी कशालाही हात लावू नये. वही बंद करावी आणि रीस्टार्ट करावे. यानंतर एखादा जुना राइट करण्याचा प्रोग्रॅम चालेनासा झाला तर तो काढून टाकावा, आणि हवाच असेल तर नव्या विंडोजला चालणारा घ्यावा.

आमचा संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा यादीत रायटर आला होता. भाच्याने मग जुना रायटर परत जोडून बघितला. तोही आला. नवा खोक्यात गेला.

एक इशारा इथेच देतो. इंटरनेटवर ‘तुमचा ड्रायव्हर फुकट दुरुस्त करा’ अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. त्यांच्या नादी लागू नये. रायटरचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. आणि नव्या आवृत्तीने फारच घोटाळा केला, तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त जाऊन जुन्या आवृत्तीवर परत जाता येते. त्यासाठी साधारण दहा दिवसांची मुदत असते, म्हणून विंडोज बदलल्यावर घरातले प्रत्येक यंत्र पहिल्या आठवड्यातच चालवून बघावे. आम्ही महिनाभर बघितले नाही, ही आमची चूक.

राइट झाली, पण वाजेना

रायटर आल्याबरोबर मी कोरी सीडी पुढे केली. भाच्याने माझा हात धरला. “मामा, आधी आजीची सीडी संगणकात उतरवून घेऊ. प्रत मग करू.” खरे सांगतो, इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आले नव्हते. एका सीडीवर सगळा भरवसा ठेवून आम्ही निवांत होतो.

ओव्या संगणकात उतरल्या, पेनड्राइव्हवर गेल्या आणि मग पहिली सीडी राइट झाली. ती शेजारच्या घरच्या जुन्या सीडी प्लेयरवर लावली तर वाजेना! मोठ्या आत्याकडे तसलाच प्लेयर होता. संगणक किंवा मोबाईल वापरणे तिला जमणारे नव्हते.

इथे दुसरी गोष्ट शिकलो. विंडोजमध्ये कोरी सीडी घातली की ती विचारते, सीडी पेनड्राइव्हसारखी वापरायची की प्लेयरमध्ये लावायची? पहिला पर्याय निवडला तर ती संगणकावरच धड चालते. जुना प्लेयर तिला ओळखत नाही. गाण्यांच्या जुन्या प्लेयरसाठी तर याहून वेगळी, ‘ऑडिओ सीडी’च करावी लागते. ती विंडोज मीडिया प्लेयरमधून करता येते. अशा सीडीवर ८० मिनिटांचा आवाज मावतो. माहिती म्हणून भरली तर त्याच सीडीवर ७०० एमबी मावते, आणि साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी.

रायटर दिसतो पण राइट करताना मधेच नापास होतो, अशीही तक्रार असते. त्याची कारणे वेगळी आहेत. कोऱ्या सीडीवर रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरचा किरण तो थर तापवून त्यावर खुणा उमटवतो, म्हणूनच या कामाला ‘बर्न’ म्हणतात. वाचायला मंद किरण पुरतो, लिहायला जोरदार लागतो. त्यामुळे म्हातारा रायटर वाचतो पण लिहीत नाही, असे होते. सीडीचा आणि डीव्हीडीचा किरणही वेगवेगळा असतो. एक चालते आणि दुसरी चालत नाही असे असेल, तर विंडोजला दोष देऊ नये. अशा वेळी आधी वेग कमी करून बघावा, मग दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी बघावी. राइट करताना लाईट गेली तर सीडी वाया जाते. लोडशेडिंगची वेळ बघूनच काम काढावे. उघडा रायटर चालू असताना आत डोकावू नये, तो किरण डोळ्याला घातक असतो.

पेटीतल्या सीडी काढून बघा

आता हे सांगण्याचे कारण. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे खूप घरांत, दुकानांत, संस्थांत पुन्हा एकदा विंडोज बदलली जात आहे. नव्या संगणकांना तर बहुधा रायटरच नसतो, बाहेरून यूएसबीने जोडायचा घ्यावा लागतो. आणि आपल्या ट्रंकेत मुलीच्या लग्नाची डीव्हीडी, वडिलांच्या कीर्तनाची सीडी, बारशाचे फोटो पडून आहेत. बायकांच्या ओव्यांचे मोल किती, हे जाणकारांनी ओळखले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे त्यामुळेच मोठे काम. पण आपल्या घरच्या आवाजाची काळजी आपणच घ्यायची आहे.

घरी राइट केलेली सीडी कायमची नसते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तिचा रंगाचा थर उतरतो. पत्र्याच्या छपराखाली ती ठेवू नये. डबीत घालून, उभी, अंधाऱ्या थंड जागी ठेवावी. वरच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहू नये. सीडीत आवाज साठवलेला थर त्या बाजूलाच असतो, वर नुसता पातळ लेप. तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट. पुसायची असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, विंडोज बदलण्याच्या आधी प्रत्येक सीडी संगणकात उतरवून एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे झाल्यावर मोठ्या आत्यासाठी आणलेली सीडी आम्ही ओसरीवर लावली. जात्याची घरघर सुरू झाली. ओवी सुरू व्हायच्या आधी मधेच कुणीतरी हसले. धाकटी आत्या चटकन म्हणाली, “हे मी हसले होते.” मग आजीचा आवाज आला, आणि ओसरीवर कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या ओवीला मोठ्या आत्याने हळूच सूर धरला. तिसरीला तिघी गात होत्या.

तिघी आपापली सीडी पदराखाली घेऊन गेल्या. खोक्यातला नवा रायटर अजून आमच्या माळ्यावर आहे. घरात काही बिघडले आणि कुणी “नवे आणू” म्हणाले, की थोरला भाऊ नुसते वर माळ्याकडे बोट दाखवतो.